मागून आणलेली वेल : मनी प्लँटची जोपासना आणि तिच्यापासून मिळणारा धडा

आपल्या वसतिगृहाच्या ओसरीत, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारच्या खांबावर चढलेली मनी प्लँटची वेल प्रत्येक माजी विद्यार्थ्याला आठवत असेल. काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थिनीने आपल्या कॉलेजच्या वसतिगृहातून तिचे वीतभर लांबीचे कलम औषधाच्या बाटलीत घालून आणले होते. आज त्या वेलीने खांब झाकला आहे. दहावीच्या निरोप समारंभात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती तिचे एक कलम द्यावे, अशी प्रथाही आपल्याकडे पडली आहे. त्यामुळे ही एकच वेल आज नागपूर, पुणे, हैदराबाद अशा गावांतील अनेक घरांच्या खिडक्यांत वाढते आहे.

कलम दिल्यानंतर काही महिन्यांनी विचारणा सुरू होते. "सर, पाने पिवळी पडली." "वेल लांबते, पण पान बोटभरच राहते." "पाण्यात ठेवली होती, ती सडली." आणि अधूनमधून हलक्या आवाजात, "शेजारीण म्हणते, ही वेल चोरून आणली तरच लाभते. खरे आहे का?" स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले होते. मला मात्र वाटले की, या प्रश्नांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत. लिहिताना ध्यानात आले की, इतिहास टाळून या वेलीवर लिहिताच येत नाही.

वेलीची ओळख

मनी प्लँट ही मूळची भारतीय वनस्पती नव्हे. तिचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम असे असून ती प्रशांत महासागरातील सोसायटी बेटांपैकी मूरेआ या बेटावरची मानली जाते. १८८० साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले, तेव्हा तिला पोथॉस ऑरियस असे नाव देण्यात आले होते. पुढे १९६४ साली तिला आजचे नाव मिळाले. तरीही जगभरच्या रोपवाटिकांत पोथॉस हे जुने नाव अजून चालते. अळू आणि सुरण ज्या कुलातील आहेत, त्याच कुलातील ही वेल होय. अळू कच्चा खाल्ल्यास घसा खाजतो, तसेच हिच्याही पानांत आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून रांगती मुले, मांजर किंवा कुत्रा यांच्या तोंडी ही पाने लागणार नाहीत, अशा ठिकाणी ती ठेवावी. हा पहिला नियम पालकांनी विशेष लक्षात ठेवावा.

या वेलीचे एक वैशिष्ट्य थक्क करणारे आहे. ती फुलत नाही म्हटले तरी चालेल. लागवडीतील वेल आपणहून फुलल्याची शेवटची ज्ञात नोंद १९६४ सालची आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याचे कारण पुढे आले. फुलण्यासाठी आवश्यक असणारे जिबरेलिन हे संप्रेरक या वेलीत पुरेसे तयारच होत नाही. फूल नाही म्हणून फळ नाही आणि फळ नाही म्हणून बी नाही. मग ही वेल साऱ्या जगात पसरली कशी? उत्तर साधे आहे. माणसाने माणसाला तुकडा दिला आणि तो तुकडा पुढे गेला. आपल्या ओसरीतील वेल आणि तिच्या कलमापासून पुण्याच्या खिडकीत वाढलेली वेल या बहिणी-बहिणी नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एकच वेल आहे.

पाच प्रकारची बीजे

वेलीचा तुकडा रुजतो कसा, हे समजण्यासाठी ऊस डोळ्यांपुढे आणावा. उसाला पेरे असतात आणि दोन पेरांच्या मध्ये कांडे असते. मनी प्लँटचेही तसेच आहे. जेथून पान फुटते, ते पेरे. त्या पेरापाशीच नव्या फुटव्याचा डोळा असतो आणि तेथेच तपकिरी रंगाचे, बोथट टोकाचे हवाई मूळ दिसते. नुसते पान देठासह तोडून पाण्यात ठेवले तर ते कित्येक आठवडे हिरवे राहील, त्याला कदाचित मुळेही फुटतील; परंतु त्यातून वेल निघणार नाही, कारण डोळा पेरापाशी राहून गेला. अनेकांचे कलम फसते, ते येथेच.

हे ज्ञान आपल्या परंपरेला नवे नाही. भिक्खूंनी वनस्पतींची नासधूस करू नये, असा नियम विनयपिटकात आहे. तो सांगताना वनस्पती कशापासून उगवतात, याचे पाच प्रकार तेथे दिले आहेत : मूलबीज, खन्धबीज, फळुबीज, अग्गबीज आणि बीजबीज. हळद आणि आले मुळाकडील भागापासून वाढतात, म्हणून ती मूलबीज. पिंपळ, वड, उंबर ही खोडापासून किंवा फांदीपासून वाढणारी झाडे खन्धबीजात येतात. ऊस, बांबू, बोरू पेरापासून उगवतात, ते फळुबीज. शेंड्यापासून वाढणाऱ्या वनस्पती अग्गबीज, तर धान्य-कडधान्यादी बियांपासून येणाऱ्या वनस्पती म्हणजे बीजबीज. मनी प्लँट त्या काळी भारतात नव्हती. पण आज तिला या यादीत बसवायचे झाले तर तिची जागा उसाशेजारी, फळुबीजात ठरेल. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हे वर्गीकरण निरीक्षणावर उभे आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो.

खन्धबीजाचे आपल्या सर्वांना वंदनीय असलेले उदाहरण म्हणजे बोधिवृक्ष. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची दक्षिणेकडील शाखा ताम्रलिप्ती बंदरातून समुद्रमार्गे सिंहलद्वीपात नेली आणि राजा देवानंपिय तिस्स याच्या काळात ती अनुराधपुरात लावली गेली, असा वृत्तांत महावंसात येतो. बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात कोसळला. अनुराधपुरातील वृक्ष मात्र टिकून राहिला. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याच अनुराधपुराच्या वृक्षापासून आणलेल्या रोपांतून वाढला आहे. भारतातून गेलेली शाखा अशी परत आली. जे दुसऱ्याला दिले, तेच पुन्हा आपल्याला मिळाले. कलमाचे महत्त्व यापेक्षा वेगळे काय सांगावे?

कलम लावण्याची रीत

आपल्या भागात कलम लावण्यास उत्तम काळ म्हणजे मृगाचा पाऊस स्थिरावल्यापासून भाद्रपदापर्यंतचा, साधारण जूनअखेर ते सप्टेंबर. हवेत ओलावा असतो आणि उन्हाचा ताप उतरलेला असतो. निरोगी वेलीचा दोन किंवा तीन पेरे असलेला तुकडा धारदार, स्वच्छ कात्रीने पेराच्या खाली अर्धा इंच अंतर ठेवून कापावा. सर्वांत खालच्या पेरावरचे पान काढून टाकावे. ते पेरे पाण्यात बुडाले पाहिजे. पान मात्र बुडू नये, कारण पाण्यातील पान कुजते आणि पाणी नासवते.

बाटली पारदर्शक असल्यास तिला कागद गुंडाळावा, म्हणजे शेवाळ धरत नाही. बाटली खिडकीजवळ, पण थेट उन्हापासून दूर ठेवावी. पावसाळ्यात दोन ते तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात. ती दोन-तीन इंच झाली की कलम मातीत लावावे. मुळे फार लांब होईपर्यंत पाण्यात ठेवल्यास त्यांना पाण्याचीच सवय होते आणि मातीत गेल्यावर वेल काही दिवस मरगळते.

ज्यांना वेल कायम पाण्यातच ठेवायची आहे, त्यांना एक कळकळीची सूचना. डेंग्यू पसरविणारा एडिस डास घरातील अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्याला, रविवारी म्हणा, पाणी पूर्ण बदलावे. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. या डासाची अंडी बाटलीच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. बाटली आतून घासून धुवावी. जी वेल घराच्या शोभेसाठी आणली, ती घरातल्या लेकराच्या तापाचे कारण होता कामा नये.

माती, पाणी आणि आपले ऋतू

रामटेक परिसरातील काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. कुंडीत ती एकटी वापरू नये. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग जाडी वाळू असे मिश्रण करावे. कुंडी विकत घेण्याची गरज नाही. तेलाचा डबा किंवा रंगाची बादली चालते. मात्र तळाला तीन-चार छिद्रे हवीतच. छिद्र नसलेल्या भांड्यात पाणी तळाशी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पहिल्या लागवडीसाठी पाच-सहा इंचांचे भांडे पुरे. लहान कलमाला मोठी कुंडी दिल्यास माती फार दिवस ओली राहते आणि तेच नुकसानीचे कारण ठरते.

पाणी किती द्यावे, याचे उत्तर वारावर किंवा तारखेवर अवलंबून नसते. बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत घालावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत द्यावे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदाही पुरते. डिसेंबर-जानेवारीत वेलीची वाढ जवळजवळ थांबते. तेव्हा पाणी कमी करावे आणि खत बंद ठेवावे. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत वेल पश्चिमेच्या खिडकीतून हलवून घराच्या आतल्या उजेडाच्या जागी, शक्य तर माठाजवळ किंवा मोरीच्या बाजूला ठेवावी. दुपारच्या उन्हात तापलेल्या कुंडीत कधीही पाणी घालू नये. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर घालावे. खत म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा मूठभर शेणखत किंवा गांडूळखत पुरेसे होते.

लक्षण आणि कारण

आपल्या धम्मात दुःख सांगून थांबत नाहीत, दुःखाचे कारण शोधतात. वेलीच्या बाबतीतही तेच करावे. पान पिवळे पडले म्हणून लगेच खत घालणे म्हणजे कारण न शोधता औषध देणे होय.

खालची पाने एकामागून एक पिवळी होत असतील आणि माती ओली असेल, तर कारण बहुधा जादा पाणी हे असते. वेल कुंडीतून काढून पाहावी. पांढरी, टणक मुळे निरोगी. काळी, मऊ आणि वास येणारी मुळे कुजलेली. ती कापून नव्या कोरडसर मातीत वेल लावावी. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या, तर कोरडी हवा किंवा पाण्याची ओढ असते. दोन पानांतील अंतर वाढले, पाने लहान झाली आणि त्यांवरील पिवळे पट्टे नाहीसे झाले, तर उजेड कमी पडतो आहे. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी असते. अंधाऱ्या जागी वेलीला ती चैन परवडत नाही, म्हणून नवी पाने अधिक हिरवी येतात. पानांवर फिकट, भाजल्यासारखे डाग आले, तर थेट ऊन लागले आहे. देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तर तो पिठ्या ढेकूण होय. ओल्या कापडाने तो पुसून काढावा आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पान धुवावे. एरवीही पंधरवड्यातून एकदा पानांवरची धूळ पुसावी. धुळीने माखलेल्या पानाला उजेड पुरत नाही.

आधाराचे महत्त्व

"वेल लांबते, पण पान लहानच राहते," या तक्रारीचे उत्तर आम्ही वर्गात प्रयोग करून शोधले. एकाच वेलीची, एकाच लांबीची दोन कलमे मुलांनी एकाच दिवशी लावली. माती, पाणी आणि उजेड सारखेच ठेवले. एक कुंडी उंच फळीवर ठेवून वेल खाली लोंबू दिली. दुसऱ्या कुंडीत काथ्याची दोरी गुंडाळलेला बांबू रोवला, वेल सैल सुतळीने त्याला बांधली आणि काथ्या रोज ओला केला. दोन पावसाळे उलटल्यावर लोंबणाऱ्या वेलीची पाने तीन बोटांएवढी होती. चढलेल्या वेलीची पाने मुलांच्या तळहाताहून मोठी झाली होती.

हा या वेलीचा स्वभावच आहे. रानात ती मोठ्या झाडांवर चढते, तिची हवाई मुळे सालीला धरतात आणि उंचीवरची पाने हातभर लांबीची, कडेला चिरलेली अशी होतात. लोंबती राहिली की मुळांना धरायला काही सापडत नाही आणि पाने आखडतात. ज्यांना शोभेसाठी लोंबती वेल हवी आहे, त्यांनी ती खुशाल लोंबती ठेवावी. अधूनमधून शेंडे छाटावेत म्हणजे फुटवे येऊन ती दाट होते. मोठे पान हवे असेल, तर मात्र आधार द्यावा.

प्रयोगानंतर एका मुलीने विचारले, "सर, दोन्ही एकच वेल होती ना? मग लहान पानाची वेल मुळातच लहान नव्हती." मी तिला उत्तर दिले नाही, कारण ते तिने स्वतःच दिले होते. वनस्पतीवरून माणसाविषयीचा सिद्धांत मांडता येत नाही, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी जाणतो. परंतु ज्यांची पाने पिढ्यान्‌पिढ्या आखडलेली राहिली, त्यांना "तुमची जातच लहान," असे सांगितले गेले, हा मात्र इतिहास आहे. आणि वसतिगृह म्हणजे काय? काथ्या गुंडाळलेला तो बांबूच होय.

चोरीचा तुकडा आणि आग्नेय दिशा

आता शेजारणीच्या प्रश्नाकडे वळू. मनी प्लँट चोरून आणली तरच पैसा येतो, ती आग्नेय दिशेलाच ठेवावी, तिचे पान जमिनीला टेकू नये, अशा समजुती घरोघरी ऐकू येतात. ज्या प्रशांत महासागरी बेटावर ही वेल मुळात उगवते, तेथे ती आपोआपच सर्व दिशांना वाढते. वेलीला दिशा कळत नाही, उजेड कळतो. आग्नेय कोपऱ्यात खिडकी असेल तर ती वाढेल, न्हाणीघराची भिंत असेल तर खुरटेल.

चोरीच्या समजुतीबद्दल मला अधिक गंभीरपणे सांगायचे आहे. न दिलेली वस्तू न घेण्याचे शील आपण रोज ग्रहण करतो. एका कलमाने मालकाचे काय जाते, असा युक्तिवाद येथे चालत नाही. कारण मागितल्यावर कलम नाकारणारा माणूस क्वचितच भेटतो. मागण्यात लहानपणा नाही. मागितल्याने देणाऱ्याला दानाची संधी मिळते आणि दोन घरे जोडली जातात.

आपल्या सुशिक्षित मंडळींत मात्र दुसरी समजूत रुजली आहे, तिचाही विचार करावा. ही वेल घरातील हवा शुद्ध करते, असे ठामपणे सांगितले जाते. १९८९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने केलेल्या प्रयोगांचा त्यासाठी आधार दिला जातो. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. आपले घर बंद पेटी नसते. दारे-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार खिडक्यांतून सहज होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायची, तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपे ठेवावी लागतील. म्हणजे घरात माणसाला उभे राहायला जागा उरणार नाही. हवा शुद्ध हवी असेल तर खिडकी उघडावी. वेल डोळ्यांना आणि मनाला बरी वाटते, तेवढे कारण तिला घरात ठेवण्यास पुरेसे आहे. विज्ञानाच्या नावाने आलेली समजूतही तपासूनच स्वीकारावी. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात जी मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत निसर्गाचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास ही दोन कर्तव्ये एकापाठोपाठ लिहिलेली आहेत. कुंडीतल्या एका वेलीपाशी ती दोन्ही एकत्र येतात.

रामटेकचा पानमळा

रामटेकच्या माणसाला वेलीची जोपासना बाहेरून शिकण्याची गरज नव्हती. येथील कपुरी पान विदर्भात नावाजलेले आहे. नागवेल ही मिरी आणि पिंपळी यांच्या कुलातील. मनी प्लँटशी तिचे नाते नाही. पण दोघींची रीत मिळतीजुळती आहे. दोघींची लागवड पेरांच्या तुकड्यांनी होते, दोघींना सावली, ओलावा आणि चढण्यास आधार लागतो. पानमळ्यात वेलींना उभ्या आधारावर चढवतात, चोहोबाजूंनी आडोसा करतात, वेल फार उंच गेली की ती खाली उतरवून तिचा काही भाग मातीत दाबतात, म्हणजे पेरांना नवी मुळे फुटून वेल पुन्हा जोमाने वाढते. पाणी साचले तर तीही मुळापासून कुजते. या वेलीची निगा राखण्यात बारई समाजाच्या पिढ्या खपल्या आहेत आणि त्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे.

मी चौथीत होतो, म्हणजे १९७९ च्या सुमारास, माझी माय एका पानमळ्यात रोजाने माती आणि शेणखत वाहण्यास जात असे. टोपली आडोशाच्या दारापर्यंत न्यायची आणि तेथे ठेवायची. पुढे ती दुसरी माणसे आत नेत. एकदा मी तिच्याबरोबर गेलो आणि दारातून आत डोकावलो. आत हिरवा अंधार होता, गारवा होता. मालकाने मला पाहिले आणि तो मायला म्हणाला, "पोराले बाहेरच ठेव वं बाई, तुमचा हात लागला का वेल करपते." त्याच्या आवाजात राग नव्हता. पाऊस येणार आहे, असे सांगावे, तितक्या सहज तो बोलला. त्याला ते खरेच वाटत होते. मायने वाहिलेली माती वेलीला चालत होती. मायचा हात चालत नव्हता.

माय काही बोलली नाही. संध्याकाळी परतताना आडोशाबाहेर छाटून टाकलेल्या वेलींचा ढीग होता. तिने मालकाला विचारले, "यातला एक तुकडा नेऊ का?" फेकलेलीच वेल ती, तो हसून "ने" म्हणाला. आम्ही तीन पेरांचा तुकडा घरी आणला आणि डालड्याच्या डब्यात लावला. माझ्याच हाताने. पंधरा दिवस मी रोज सकाळी उठून तो करपला का, हे पाहत असे. तो करपला नाही. पावसाळ्यात त्याला फूट आली आणि दिवाळीपर्यंत वेल कुडाच्या निम्म्यापर्यंत चढली.

पुढच्या मे महिन्यात मात्र ती वाळली. मी हादरलो. मालक म्हणाला तेच खरे की काय, ही शंका दहा वर्षांच्या मनाला किती छळते, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मायने डबा उचलला, बोटाने माती उकरून पाहिली आणि म्हणाली, "उन्हानं गेली थे, पोरा. आपल्या हातानं जाती, तं पयल्याच दिशी जाती." माझी माय शाळेत गेली नव्हती. पण कारण आणि योगायोग यांतला फरक मला तिने शिकवला, तेवढ्या स्पष्टपणे पुढे एम.ए.च्या वर्गातही कोणी शिकवला नाही. त्या पावसाळ्यात आम्ही त्याच माणसाकडून पुन्हा तुकडा मागून आणला आणि डबा रांजणामागे, सावलीत ठेवला. ती वेल पुढची कित्येक वर्षे आमच्या घरी होती.

अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने तेव्हाच नष्ट झाली होती. परंतु ती समजुतीच्या रूपाने एका वेलीच्या पानाआड लपून राहिली होती, आणि त्या समजुतीला उत्तर भाषणाने नव्हे तर डालड्याच्या डब्याने दिले. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हाही पाणी नासले नाही. जे निसर्गाला ठाऊक नाही, ते माणसाने निसर्गाच्या नावावर खपवले, एवढाच त्याचा अर्थ. आज काळ बदलला आहे. त्या मालकाच्या घरचा एक नातू आपल्याच शाळेत शिकून गेला, आणि निरोपाच्या दिवशी मनी प्लँटचे कलम त्याला मीच दिले. त्याला या गोष्टीतले काही ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही. आज येथे लिहितो आहे, ते कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. आपल्या मुलांना त्यांच्या ओसरीतल्या वेलीचा इतिहास कळावा म्हणून.

शेवटी

धम्मपदात तृष्णेला मालुवा नावाच्या वेलीची उपमा दिली आहे; ती ज्या झाडावर चढते, त्यालाच आवळून टाकते. वेल वाढविणाऱ्याने ती उपमा विसरू नये. मनी प्लँट कुंडीत वाढू द्यावी, पण कुंपणावर, रानातल्या झाडावर किंवा ओढ्याकाठी सोडू नये. मोकळ्या जमिनीत ती अनावर पसरते आणि श्रीलंकेसह अनेक उष्ण देशांत तिने स्थानिक झाडाझुडपांना गुदमरवून टाकले आहे. छाटलेले तुकडे उकिरड्यावर फेकू नयेत. प्रत्येक पेरात एक नवी वेल असते. ते कुणाला तरी द्यावेत, नाहीतर पूर्ण वाळवून मग खतात घालावेत.

ज्या माजी विद्यार्थ्यांची वेल गेली असेल, त्यांनी संकोच करू नये. पावसाळ्यात शाळेत यावे, ओसरीतल्या खांबाजवळ उभे राहावे आणि मागावे. कात्री टाकीशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. ज्यांची वेल वाढली आहे, त्यांनी यंदा किमान एक कलम आपल्या शेजाऱ्याला द्यावे. तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे विचारू नये. देताना दोनच गोष्टी सांगाव्यात : पेरे पाण्यात बुडू दे, आणि दर आठवड्याला पाणी बदल.

जय भीम.